व्ही.टी.चे सीएसएमटी : मुद्रितातले कोणते बदल मान्य करावेत?

लालबागची_पायरी :
माझी एक दीर्घकथा यंदाच्या एका दिवाळी अंकासाठी स्वीकारली गेली आहे. कथा १९८२ च्या गिरणी संपाच्या काळातली, लालबागमध्ये खानावळ चालवणाऱ्या एका बाईची आहे. काल मुद्रिते, म्हणजे छपाईआधी तपासायची पाने, हाती आली, तेव्हा संहितेत बरेच फेरफार झाल्याचे आणि त्यांपैकी एकाविषयीही मला विचारले गेले नसल्याचे लक्षात आले. बदल कुठेही खुणेने दाखवलेले नाहीत. मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागली.

कोकणातून आलेली माझी नायिका 'माका ठावक नाय' म्हणते. मुद्रितात ती 'मला ठाऊक नाही' म्हणू लागली आहे. करी रोडला गाडी पकडणारा तिचा मुलगा व्ही.टी.ऐवजी थेट सीएसएमटीला उतरतो. आणि शेवटी ती उधारीची वही शेगडीत घालते, ते का, हे सांगणारा अकरा ओळींचा परिच्छेद सरळ गाळला आहे. पहिल्या दोन बदलांनी मला संताप आला. तिसऱ्याने झोप लागली नाही, कारण तो चुकीचाच आहे असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. मुद्रिते चार दिवसांत परत करायची आहेत. वाद घालणाऱ्याला पुढच्या वर्षी पत्र येत नाही, असेही ऐकले आहे. आग्रह कशाचा धरावा?

समासातली_पेन्सिल :
तिन्ही बदलांबद्दलचा राग एकाच पत्रात घालू नका. व्ही.टी.चे नाव १९९६ मध्ये बदलले आणि त्यात 'महाराज' हा शब्द २०१७ मध्ये आला, तेव्हा १९८२ मधला मुलगा सीएसएमटीला उतरूच शकत नाही. ही वस्तुस्थितीची चूक आहे. एका ओळीत कळवा, दुरुस्त होईल. बोलीचे मात्र कारण देऊन सांगावे. निवेदन प्रमाणभाषेत असल्यामुळेच त्या बाईचा आवाज वेगळा ऐकू येतो, आणि तो पुसला तर ती कुठून आली हे तुम्हाला आणखी दोन वाक्ये खर्चून सांगावे लागेल.

संपादकांवर सरसकट रागावण्याआधी माझी एक फजिती सांगतो. माझ्याही एका कथेत संपाचा काळ होता, आणि मार्च १९८२ मधल्या एका पहाटे माझा नायक भोंगा ऐकून पहिल्या पाळीला निघाला होता. संप त्या वर्षीच्या १८ जानेवारीलाच सुरू झालेला. संपादकांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले होते : 'हा एकटाच कामावर चालला आहे काय?' त्यांनी शब्दही बदलला नव्हता. सबंध प्रकरण मीच पुन्हा लिहिले. गिरगावातून निघणाऱ्या 'सत्यकथा' मासिकात संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रांतून कथेची जी चर्चा करत, तिच्याविषयी जुन्या लेखकांकडून ऐकले आहे. तेही बदल लेखकाकडूनच करवून घेत. ('सत्यकथा' बंद पडली तीही १९८२ मध्येच, हे आत्ता लिहिताना लक्षात आले.)

निळी_शाई :
मी काही वर्षे दादरच्या एका छोट्या प्रकाशनात संपादन साहाय्यक होते, म्हणून आतली बाजू सांगते. सीएसएमटी हे संपादकाचे काम वाटत नाही. कुणीतरी संगणकावर 'शोधा आणि बदला' चालवले असावे. बोली बहुधा मुद्रितशोधकाने 'शुद्ध' केली असावी.

त्या अकरा ओळींबाबत मात्र आधी एक गोष्ट तपासा. कथा आता पानाच्या अगदी तळाशी संपते का? दिवाळी अंकात ऐन वेळी जाहिरात येते आणि कुणाच्या तरी कथेला कात्री लागते. शेवटचा परिच्छेद कापणे सर्वांत सोपे, कारण मधली पाने पुन्हा लावावी लागत नाहीत. तसे असेल तर तुम्ही ज्याला वाङ्मयीन निर्णय समजून रात्र जागवली, तो जागेचा हिशेब निघेल.

चौथी_सीट :
१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ प्रमाणे, हक्क दुसऱ्याला लिहून दिल्यानंतरही, आपल्या लौकिकाला बाध आणणाऱ्या फेरफाराविरुद्ध लेखकाला दाद मागता येते. अर्थात 'ठावक'चे 'ठाऊक' झाले म्हणून कोणी न्यायालयाची पायरी चढत नाही.

परिच्छेद गाळला ते बरेच झाले, असे कोणी म्हणेल; तो युक्तिवाद मात्र मला पुरेसा वाटत नाही. अमेरिकेतील रेमंड कार्व्हर यांच्या १९८१ च्या कथासंग्रहातला निम्म्याहून अधिक मजकूर संपादक गॉर्डन लिश यांनी कापला होता. पुस्तक थांबवा, असे कार्व्हर यांनी आदल्या वर्षी पत्राने विनवले, तरी ते निघाले आणि गाजलेही. मूळ रूपातल्या कथा २००९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन दशकांनी छापल्या गेल्या. कापलेल्या कथा चांगल्या असतील. त्या कोणाच्या, हा प्रश्न उरतोच.

लालबागची_पायरी :
निळी_शाई, कथा खरोखरच पानाच्या शेवटच्या ओळीला संपते. आज दूरध्वनी केला. अर्ध्या पानाची जाहिरात आली होती, हे संपादकांनी आढेवेढे न घेता सांगितले. व्ही.टी. आणि 'माका' लगेच मान्य झाले, आणि टंक बारीक करून परिच्छेद परत घालण्याचीही त्यांची तयारी होती.

तो मी मागितला नाही. कारण काहीही असो, वही शेगडीत पडल्यावर मी उगीच बोलत राहिले होते, हे मला चार वेळा वाचून पटले. फक्त त्यातली एक ओळ, वहीत पहिले नाव तिच्या नवऱ्याचेच होते ही, तीन पाने आधी वहीचा प्रथम उल्लेख येतो तिथे सरकवली. त्या पानावर जागा नव्हती, म्हणून तिथली पावसाची एक ओळ मीच कापली.