मदत हवी आहे: सीडी२५ झकास, फॉक्सपी३ सपाट

रिकामी_ट्यूब
फ्लो सायटोमीटरवर (अँटिबॉडीने रंगवलेल्या पेशी एकेक मोजणारं मशीन) टी-रेग, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी, मोजायच्या आहेत. सीडी४, सीडी२५ ही पृष्ठभागावरची प्रथिनं झकास दिसतात, टी-रेगच्या आतलं फॉक्सपी३ मात्र निगेटिव्हलाच चिकटून बसलंय. अँटिबॉडी दुप्पट टाकली तर सगळ्याच पेशी जरा उजवीकडे सरकल्या, वेगळा गट काही पडला नाही. क्लोन (अँटिबॉडीचा नेमका वाण) बरोबर आहे, मशीन बरोबर आहे. गुरुवारी प्लॉट दाखवायचेत. 'मॅन्युअल वाचा' सांगणाऱ्यांनी कृपया पुढे जा.

गेटवरचा_पहारेकरी
माणूस की उंदीर? "बरोबर" क्लोन म्हणजे कुठला? एफजेके-१६एस असेल तर तो उंदराचा. माणसाला पीसीएच१०१ किंवा २५९डी. रंग कुठला? फिक्स-पर्म (पेशी आहेत तशा पक्क्या करून पडद्याला भोकं पाडणं) कशाने केलं?

सीडी१२७_भक्त
फॉक्सपी३ च्या नादी लागताच कशाला? सीडी४ पॉझिटिव्ह, सीडी२५ हाय, सीडी१२७ लो. २००६ पासून हे रुळलंय. सगळं पृष्ठभागावर, पेशी जिवंत राहतात, सॉर्ट करून पुढे वापरता येतात.

रिकामी_ट्यूब
माणूस. पीसीएच१०१, रंग पीई. फिक्स-पर्म आम्ही सायटोकाइनला (पेशींची निरोप्या प्रथिनं, उदा. इंटरफेरॉन) वापरतो तेच, पॅराफॉर्माल्डिहाइड आणि सॅपोनिन. त्यात इंटरफेरॉन गॅमा सुरेख येतं, म्हणजे पर्म होतंय.

गेटवरचा_पहारेकरी
होतंय, पण केंद्रकापर्यंत पोचत नाही. इंटरफेरॉन पेशीद्रवात सापडतं, फॉक्सपी३ केंद्रकात असतं. सायटोकाइनच्या किटवर ते धड दिसत नाही. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरसाठीचा (फॉक्सपी३ सारख्या, जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांसाठीचा) वेगळा बफर सेट मिळतो, तो मागवा. अँटिबॉडी वाढवून फक्त बॅकग्राउंड वाढतं, तुमचं तेच झालंय.

मिथेनॉल_झिंदाबाद
कशाला पैसे घालवता? फॉर्माल्डिहाइडनंतर बर्फगार ९० टक्के मिथेनॉल, अर्धा तास. केंद्रक सताड उघडतं.

गेटवरचा_पहारेकरी
आणि पीईसुद्धा मरतं. पीई, एपीसी ही प्रथिनं आहेत, मिथेनॉलमध्ये त्यांची चमक जाते. सीडी२५ आधीच एपीसीने रंगवलं असेल तर तेही गेलं.

मिथेनॉल_झिंदाबाद
मग अलेक्सा ६४७ रंग घ्या, ते टिकतं. फॉस्फो-स्टॅट (पेशीत संदेश चालू असल्याची खूण) आणि फॉक्सपी३ एकत्र बघायचं असेल तर बहुतेकदा मिथेनॉललाच यावं लागतं.

गेटवरचा_पहारेकरी
फॉस्फो-स्टॅट कुणी विचारलंय?
@रिकामी_ट्यूब, क्रम असा ठेवा. १० लाख पेशी प्रत्येक ट्यूबला. मेलेल्या पेशींसाठी फिक्सेबल डाय, तोही प्रथिनविरहित पीबीएसमध्ये. सीरम असेल तर डाय त्यालाच चिकटतो. ७-एएडी (मेलेल्या पेशींचा नेहमीचा रंग) इथे चालत नाही, पर्म केल्यावर सगळ्याच पेशी त्याने रंगतात. मग एफसी ब्लॉक (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून), पृष्ठभागाच्या अँटिबॉडी, ४ अंशावर ३० मिनिटं, अंधारात. वॉश. फिक्स-पर्म त्याच दिवशी बनवा: १ भाग कॉन्सन्ट्रेट, ३ भाग डायल्युएंट. पेलेट (तळाशी बसलेल्या पेशी) आधी सुटं करा, मग १ मिली घालता घालता व्हॉर्टेक्स; गुठळी फिक्स झाली की परत सुटत नाही. ३० ते ६० मिनिटं. पर्म बफर १०एक्सचा १एक्स, डिस्टिल्ड पाण्यात. दोन वॉश. अँटिबॉडी पर्म बफरमध्येच द्या आणि नंतरचे वॉशही त्यातच, कारण सॅपोनिन काढून घेतलं की पडदा परत मिटतो.
फिक्सनंतर पेशी हलक्या होतात, सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जीला नीट बसत नाहीत. ५०० ते ६०० जी ठेवा. पेलेट काचेसारखं पारदर्शक दिसतं, जवळजवळ दिसतच नाही. ट्यूब उलटी करून ओतू नका, पिपेटने वरचं काढा आणि तळाशी ५० मायक्रोलिटर राहू द्या. निम्म्या पेशी इथेच सिंकमध्ये जातात.

जिज्ञासू_आजोबा
२०२५ चं नोबेल मिळालं त्याच का या पेशी? मग गुळवेलीने वाढतात का?

कडूकारलं
हो आजोबा, त्याच. सकागुचींनी १९९५ मध्ये सीडी२५ वरून त्या ओळखल्या; ब्रुंको आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये स्कर्फी (जन्मतः ऑटोइम्यून आजार असलेल्या) उंदरांतला बिघाड फॉक्सपी३ जनुकात सापडवला. या पेशी प्रतिकारशक्तीचा ब्रेक आहेत, त्यामुळे 'इम्युनिटी वाढवा' हा सल्ला इथे उलटाच पडतो. गुळवेलीबद्दल म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवलेत, लक्षणं ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी. आयुष मंत्रालयाला ते मान्य नाही. यावर भांडायचं तर वेगळा धागा काढा.
@रिकामी_ट्यूब, पेशी ताज्या का? काही स्टिम्युलेशन?

रिकामी_ट्यूब
७२ तास सीडी३/सीडी२८ मणी (टी पेशींना चेतवणारे). ते सांगायला हवं होतं का?

कडूकारलं
पहिल्या ओळीत! सीडी२५ झकास दिसणारच, ॲक्टिव्हेट झालेल्या प्रत्येक टी पेशीवर ते चढतं. माणसात साध्या टी पेशीही ॲक्टिव्हेशननंतर काही काळ फॉक्सपी३ दाखवतात. उंदरात फॉक्सपी३ म्हणजे टी-रेग हे बहुतेक वेळा चालतं, माणसात नाही. नवा बफर आला की सुंदर प्लॉट येईल आणि त्यातल्या कितीतरी पेशी टी-रेग नसतील.

सीडी१२७_भक्त
म्हणूनच म्हणतोय, सीडी१२७!

कडूकारलं
ॲक्टिव्हेशनने सीडी१२७ पण उतरतं. ७२ तासांनी तुमचा लो गेट (प्लॉटवर आखलेली हद्द) निरुपयोगी आहे. मणी लावण्याआधीच्या पेशी रंगवा, सीडी४५आरए (अजून न चेतलेल्या पेशींवरची खूण) घाला. सीडी४५आरए निगेटिव्ह, फॉक्सपी३ हाय त्या इफेक्टर टी-रेग. सीडी४५आरए निगेटिव्ह पण फॉक्सपी३ लो हा गट बहुतांशी टी-रेग नसतोच. निरोगी माणसाच्या रक्तात सीडी४ पैकी साधारण ५ ते १० टक्के टी-रेग येतात, २५ आल्या तर आधी गेट तपासा. गेटसाठी आयसोटाइप (कशालाच न चिकटणारी अँटिबॉडी) नको, एफएमओ (एक रंग वगळून बाकी सगळे लावलेली ट्यूब) लावा. ७२ तासांनंतरचं ठामपणे सांगायचं असेल तर टीएसडीआरचं (फॉक्सपी३ जनुकातला एक पट्टा) मिथायलेशन बघा; खऱ्या टी-रेगमध्ये डीएनएवरची ही रासायनिक खूण तिथे पुसलेली असते. आणि हो, रंगवण्याआधी मणी चुंबकाने काढा.

रिकामी_ट्यूब
बफर मागवलं. डे झीरोच्या (मणी लावण्याआधीच्या) पेशी फ्रोझन आहेत, त्याच थॉ करतो. टीएसडीआरला बाई-पुरुष डोनर एकत्र चालतील?

कडूकारलं
एकत्र करू नका. फॉक्सपी३ एक्स गुणसूत्रावर आहे. बाईच्या प्रत्येक पेशीत एक एक्स निष्क्रिय आणि मिथायलेटेड, त्यामुळे शुद्ध टी-रेगमध्येही डीमिथायलेशन ५० टक्क्यांच्या आसपासच दिसतं. बाईचा आकडा दुप्पट करा, मगच पुरुषाशी ताडा.

सीडी१२७_भक्त
डे झीरोला तरी सीडी१२७ लावा हो.

कडूकारलं
डे झीरोला लावा. तिथे माझी ना नाही.