चार इंची वूफरला ८० कमी पडतो

दादा, ४ इंची वूफरचे छोटे बुकशेल्फ स्पीकर, रिसीव्हरवर क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास स्पीकरऐवजी सबवूफरकडे, म्हणजे सबकडे जातो ती हद्द) ८० हर्ट्झ आणि पखवाज पोकळ वाजतो, असं तुम्ही लिहिलंय. ८० हा आकडा साडेसहा इंचीला ठीक. ४ इंची बहुधा तिथवर जाईपर्यंतच मान टाकतो. १०० ते १२० ठेवा. त्याच्या वर नको, बास सबमधून येतोय हे कानाला कळतं.

पण आधी सबच्या मागची क्रॉसओव्हरची नॉब बघा. तीसुद्धा ८० वर असेल तर दोन फिल्टर एकावर एक बसतात आणि नेमका मधला पट्टा खड्ड्यात जातो. मला तरी गडबड तिथेच दिसते. नॉब शेवटापर्यंत, सगळ्यात मोठ्या आकड्यावर फिरवा किंवा एलएफईवर (सबचा स्वतःचा फिल्टर बाजूला ठेवणारी जागा) टाका. रिसीव्हरमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करा, म्हणजे खालचा बास सबकडे जाईल, वॅट कितीही असोत.

मग १०० हर्ट्झचा टोन लावून बसायच्या जागी ऐका, पोराला सबवरचा फेज (सबची लाट उलटी करणारं बटण) ०-१८० बदलायला सांगा. मोठा वाजेल तो ठेवा.

घुमण्याचं म्हणाल तर लातूरची तुमची खोली १२ बाय १२, चौरस, खाली शहाबादी फरशी. ४७ हर्ट्झच्या आसपास दोन्ही बाजू एकदमच घुमणार. ते क्रॉसओव्हरने जात नाही. सब कोपऱ्यातून दोन फूट बाहेर ओढा. अन् मांडणीवरची ताटं आधी उतरवा, निम्मी खडखड त्यांचीच असते.