नवऱ्याला हुआ हिनला स्थायिक व्हायचंय. माझं काम आणि आई इथे

सळई_सिमेंट

मंडळी, जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी ५७ वर्षांची, स्ट्रक्चरल कन्सल्टंट. स्वतःचं छोटं ऑफिस आहे. नवरा ६१, मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होता. आता बोट कायमची सोडली. लग्नानंतरची बहुतेक वर्षं तो काही महिने घरी, काही महिने दर्यावर. मुलाची शाळा, सासऱ्यांचं आजारपण, घराचे हप्ते हे सगळं मी इथून निभावलं. तक्रार नाही, दोघांनी ठरवूनच केलं होतं. आणि त्या धबडग्यातच माझं कामही उभं राहिलं.

आता साहेबांना थायलंडला, हुआ हिनला राहायला जायचंय. त्याचा एक जुना सहकारी तिथे आहे. "इतकी वर्षं समुद्र इंजिनरूममधून ऐकला, आता बघत बसायचंय," हे त्याचं म्हणणं. म्हणजे जग फिरून आलेल्याला परत जायचंय आणि जी कधी कुठे गेली नाही तिचा पाय निघत नाहीये. मला वाटायचं उलट होईल.

लोक म्हणतात, तुझं काम तर कॉम्प्युटरवरचं. अर्धं खरं आहे. डिझाइन कुठूनही करता येईल, ड्रॉइंग कुठूनही तपासता येतील. पण स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी सळ्या बघायला मी स्वतः जाते. मध्यंतरी एका साइटवरून फोटो आले, जाळी अगदी झकास दिसत होती. प्रत्यक्ष गेले तर बाल्कनीच्या वरच्या सळ्या कामगारांच्या पायाखाली दबून खाली बसलेल्या, चेअर, म्हणजे सळ्या वर उचलून धरणारे आधार, लावलेच नव्हते. बाल्कनी म्हणजे कॅन्टिलिव्हर, एकाच बाजूला आधार असलेली, तिथे ताण वरच्या बाजूला येतो. सळई खाली बसली की ती असून नसल्यासारखी. फोटो वरून काढतात, त्यात सळई किती खोल आहे ते कळत नाही. आणि सही माझी असते, फोटो काढणाऱ्याची नाही.

आई ८३ वर्षांची, शेजारच्या इमारतीत राहते. दिवसा एक बाई असतात. फोनवर आईचं कायम "सगळं व्यवस्थित आहे". परवा सहज तिची गोळ्यांची डबी उघडली, तर गुरुवारचा कप्पा भरलेलाच. शुक्रवारचा रिकामा. म्हणजे विसरली होती असंही नाही. विचारलं तर म्हणाली, चक्कर येत होती म्हणून बीपीची घेतली नाही. हे मला फोनवर कधीच कळलं नसतं. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला आहे, त्याची काळजी नाही. भाऊ-बहीण कोणी नाही.

पैशाचा प्रश्न नाही. व्हिसाबद्दल नवऱ्याने भरपूर वाचलंय. मला विचारायचंय ते असं, की तुमच्यापैकी कोणी असं अर्धं-अर्धं राहिलंय का? कागदोपत्री ते जमतं का, आणि घरात जमतं का? "आईला सोडून कशी जाणार" हे प्रवचन कृपया नको, ते नातेवाइकांकडून भरपूर मिळतंय.

---

किनारा_बदलला

ताई, मी थायलंडमध्येच आहे, निवृत्तीच्या व्हिसावर. तुमच्या कामाचं तेवढं सांगतो.

वयाची ५० पूर्ण झाली की हा व्हिसा मिळतो. थाई बँकेत ८ लाख बाट ठेवायचे किंवा दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवायचं. मुदत एकेक वर्षाने वाढवून घ्यायची, सलग राहिलात तर दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. तुम्हाला बायको म्हणून त्यांच्यासोबत राहता येईल. पण ह्या व्हिसावर काम करायला मनाई आहे, दोघांनाही. घरी बसून लॅपटॉपवर ड्रॉइंग तपासलं तर कोण बघतंय, असं इथले बरेच लोक म्हणतात. तुमची सही कायदेशीर कागदांवर जाते, तुम्ही ह्या भानगडीत पडू नका. २०२४ च्या जुलैपासून डीटीव्ही नावाचा व्हिसा निघालाय, तो बाहेरच्या देशातलं काम ऑनलाइन करणाऱ्यांसाठीच आहे. पाच वर्षांचा, एका खेपेला १८० दिवस राहता येतं, ५ लाख बाट शिल्लक दाखवावी लागते. तुमचं ऑफिस इथून चालवायचं असेल तर तो स्वतःच्या नावावर काढा.

दुसरी गोष्ट, आणि आईंच्या दृष्टीने हीच महत्त्वाची. वर्षाची मुदत मिळाली आणि री-एंट्री परमिट (परत येण्याचा परवाना) न काढता तुम्ही देशाबाहेर पडलात, की ती मुदत तिथेच रद्द. परत आल्यावर सगळं पहिल्यापासून. एका फेरीचं परमिट १,००० बाट, कितीही फेऱ्यांचं ३,८००. रात्री अडीचला फोन आला तर इमिग्रेशन ऑफिस उघडायची वाट बघणार का? विमानतळावरही मिळतं म्हणतात, पण त्या मनःस्थितीत रांगेत उभं राहायची वेळ का आणायची? मुदत मिळाली त्याच दिवशी कितीही फेऱ्यांचं काढून टाकायचं. हुआ हिनहून बँकॉकचा विमानतळ गाठायलाच तीनेक तास जातात, तेही धरून चाला.

जागा विकत घ्यायची घाई नको. परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, फ्लॅट घेता येतो, पण इमारतीतल्या ४९ टक्के क्षेत्रापर्यंतच. भाड्याने राहा. समुद्र तोच दिसतो.

---

आकडेमोड

वरचं सगळं बरोबर. मी भारताच्या बाजूने दोन-चार गोष्टी जोडतो.

मिस्टर कायमचे राहायला गेले की फेमा म्हणजे परकीय चलन कायद्याप्रमाणे अनिवासी ठरतात, त्यांचं इथलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं इथल्या पैशांचं खातं) करावं लागतं. दर्यावर्दी माणसाला हे नवीन नसणार. तुम्ही निवासीच राहिलात तर त्यांच्या एनआरओ खात्यात तुमचं नाव 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने राहू शकतं, म्हणजे ते असेपर्यंत व्यवहार त्यांचे, नंतर तुमचे. तुमच्या खात्यातून बाहेर पैसे पाठवायचे तर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि १० लाख रुपयांच्या वर गेलात की २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. तो रिटर्न भरताना परत मिळतो किंवा करात वळता होतो, पण तोवर रक्कम अडकून पडते.

थायलंडच्या बाजूचं एक. वर्षात १८० दिवस तिथे राहिलात की तुम्ही तिथले करदाते. १ जानेवारी २०२४ पासून बाहेर कमावलेलं उत्पन्न तिथे आणलं तर त्यावर कर आहे, त्याआधीची जुनी कमाई आणली तर नाही. मिस्टरांची बहुतेक पुंजी जुनी असणार, तेव्हा ३१ डिसेंबर २०२३ ची शिल्लक दाखवणारी बँक स्टेटमेंट आजच काढून ठेवा. पाच वर्षांनी बँकेकडे ती मागायला जाणं म्हणजे काय असतं, विचारू नका.

इथला आरोग्यविमा कुठल्याही परिस्थितीत बंद पडू देऊ नका, दोघांचाही. तो बहुतेक इथल्याच उपचारांना लागू असतो म्हणून लोक सोडून देतात. मग साठीनंतर परत आलात की नवी पॉलिसी, आणि जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबा.

घर भाड्याने देऊ नका असं सुचवेन. मालक अनिवासी झाला की भाडेकरूला टीडीएस कापावा लागतो, हे ऐकूनच निम्मे भाडेकरू पळतात. शिवाय तुम्हाला परत यायला घर लागणारच आहे.

---

मधली_सून

मला कायद्यातलं काही कळत नाही, पण धागा वाचताना एक खटकलं. निवृत्त तो झालाय, तुम्ही नाही. तरी सगळे तुमच्या दोघांच्या निवृत्तीबद्दल बोलतायत. तुम्हीसुद्धा.

तो बोटीवर जायचा तेव्हा तुम्ही बोटीवर गेलात का? नाही ना? मग आता तो समुद्र बघायला चाललाय, त्याला जाऊ दे की. कधी चार महिने, कधी सहा. तुम्हा दोघांना लांब राहून संसार करायची सवय आहे, आमच्यासारख्यांना ती नसते, आम्ही दोन दिवसांत एकमेकांना फोन करकरून हैराण करतो. आमच्या नणंदेचा नवरा असाच गेला होता मलेशियाला. ती दोन महिने जायची, मग इकडे यायची. लोक काहीबाही बोलले, मग कंटाळून गप्प बसले.

फक्त एक विचारते, राग मानू नका. तो "आपण जाऊ" म्हणतो, तेव्हा त्याला समुद्र हवाय की तुमच्याबरोबर राहायला मिळालं नाही ते आता हवंय? दुसरं असेल तर मी वर लिहिलेलं सगळं बाद. कारण मग त्याला एकट्याला पाठवणं म्हणजे पुन्हा बोटीवर पाठवणं.

---

सळई_सिमेंट

सगळ्यांचे आभार. @किनारा_बदलला, री-एंट्रीचं आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. नवरा गप्प झाला वाचून, त्याला वाटत होतं त्याचा अभ्यास पक्का आहे. @आकडेमोड, स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवली.

@मधली_सून, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. आधी म्हणाला, ह्या बाई कोण? मग बराच वेळ काही बोलला नाही. रात्री जेवताना म्हणाला, "दुसरं." एवढंच. आता मी काय बोलणार?

तरी आईचा प्रश्न त्याने सुटत नाही आणि साइटचाही नाही. सध्या असं घाटतंय: पावसाळ्यात माझी साइटची कामं तशीही मंदावतात, तेव्हा दोघांनी तिकडे जायचं, भाड्याच्या घरात. तेवढ्या काळात स्लॅब तपासायला माझ्या ओळखीच्या एक सीनियर इंजिनियर आहेत, त्या तयार आहेत. तपासणी त्यांची आणि सहीही त्यांचीच, असं स्वच्छ ठरवायचं. आईकडे तेवढे महिने रात्रीसाठीही कोणीतरी हवं. आणि नवरा म्हणाला, उरलेलं वर्ष मी इथेच राहीन, पण मग सोमवारी-गुरुवारी आईंकडे मी जाईन, तू ऑफिसला जा. आमच्या लग्नात त्याने हे पहिल्यांदाच म्हटलंय, त्यामुळे लेखी घ्यावं का असा विचार चालू आहे.

---

किनारा_बदलला

पावसाळ्यात येताय तर घर हुआ हिनमध्येच शोधा, त्या बाजूला तेव्हा पाऊस बेताचा असतो. खरा जोर सप्टेंबरच्या शेवटी नि ऑक्टोबरमध्ये, त्याआधी परता. आणि काही महिन्यांचंच राहणार असाल तर निवृत्तीच्या व्हिसाच्या मागे आत्ताच लागू नका, ८ लाख बाट तिथे गुंतवायची गरज नाही. तुमचा डीटीव्ही झाला तर जोडीदार म्हणून मिस्टर त्याच्यावर येऊ शकतात.

---

सळई_सिमेंट

म्हणजे तो माझ्या व्हिसावर डिपेंडंट? थांबा, हे त्याला मीच सांगते.