पीएम २.५ वर्षभर मोजायचाय, स्वस्त सेन्सर कोणता घ्यावा?

गल्लीबोळ: मोठ्या चौकापासून आतल्या गल्लीपर्यंत पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) किती बदलतो ते वर्षभर मोजायचंय. १० ठिकाणं धरली आहेत, बोर्ड ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर). लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो त्यावरून मोजणारे तीन सेन्सर पाहिलेत: पीएमएस५००३, एसपीएस३० की एसडीएस०११? त्याच डब्यात पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) आणि एनओ२ही (नायट्रोजन डायऑक्साइड वायू) जमेल का?

कणमोजणी: एसडीएस०११ सतत चालवायला नको. लेझरचं आयुष्य कंपनीच ८००० तास सांगते, म्हणजे जेमतेम ११ महिने. एसपीएस३० आठवड्यातून एकदा पंखा १० सेकंद जोरात फिरवून आतली धूळ झटकतो, पण वीज अखंड हवी; गेली की आठवडा पुन्हा शून्यापासून. पीएमएस५००३ घेतलात तर एका डब्यात दोन बसवा. दोघांचे आकडे फाटले की एक बिघडलाय हे लगेच कळतं. एकटा असेल तर महिनोन्‌महिने खोटं बोलत राहतो.

पीएम १० विसरा. आकडा छापून येतो खरा, पण रस्त्यावरची जाड धूळ या सेन्सरांना नीट दिसतच नाही. एनओ२चे इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर ओझोनलाही दाद देतात आणि तापमानाबरोबर सरकतात. तो वेगळा प्रकल्प समजा. एमक्यू१३५ या स्वस्त वायू-सेन्सरच्या तर वाटेलाही जाऊ नका.

सोल्डरवाला: पीएमएस५००३च्या पंख्याला ५ व्होल्ट लागतात, डेटाच्या तारा मात्र ३.३ व्होल्टच्या. ईएसपी३२ थेट जोडा. ५ व्होल्टच्या आर्डुइनो बोर्डाला लेव्हल शिफ्टर (मधे व्होल्टेज जुळवणारा भाग) लागेल. वेग ९६०० बॉड, फ्रेम (एका नोंदीचा संच) ३२ बाइटची, शेवटचे २ बाइट चेकसम, म्हणजे नोंद बरोबर पोचली का ते ताडायची बेरीज. तो न तपासता नोंद घेतली की मधूनच हजारोंचे आकडे उगवतात. पंखा सुरू झाल्यावर पहिली ३० सेकंदं टाकून द्या. वायफाय जोडताना बोर्ड रिसेट होत असेल तर ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका आणि पातळ यूएसबी केबल बदला.

डब्यात हवा आत घेणारं आणि बाहेर सोडणारं भोक एकाच पोकळीत उघडत असेल तर सेन्सर तीच हवा फिरवत बसतो. दोन्ही तोंडं डब्याच्या भिंतीला चिकटवून बाहेर काढा, खालच्या बाजूला. जाळी साधारण १ मिलिमीटरची; त्याहून बारीक लावली तर धुळीने बुजते, नाही लावली तर कोळी घर करतो.

दवबिंदू: खरी गोची दमटपणाची. आर्द्रता ७०-७५ टक्क्यांपुढे गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि लेझरला मोठे दिसतात. धुक्याच्या पहाटे आकडा दुप्पट झाला तर आधी आर्द्रतेचा रकाना बघा, मग गाड्यांना दोष द्या. बीएमई२८० (आर्द्रता-तापमानाचा सेन्सर) बोर्डाशेजारी ठेवू नका, त्याच्या उबेने आर्द्रता कमी दाखवतो.

गल्लीबोळ: मग अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेचं दुरुस्तीचं सूत्र लावू? ०.५२४ × कच्चा आकडा − ०.०८६२ × आर्द्रता + ५.७५.

दवबिंदू: सूत्राचा साचा घ्या, गुणांक नको. ते तिथल्या पर्पलएअर कंपनीच्या सेन्सर-डब्यांवरून आणि तिथल्या हवेवरून काढलेत. धूर, धूळ, मीठ यांचं प्रमाण बदललं की प्रकाश वेगळा विखुरतो. तुमचे सगळे डबे निदान दोन आठवडे बीटा अटेन्युएशन यंत्राशेजारी (बीटा किरणांनी कणांचं वजन काढणारं प्रमाण यंत्र) टांगा, तासाच्या सरासऱ्या जुळवा आणि गुणांक स्वतः काढा. तासातल्या ७५ टक्के नोंदी नसतील तर तो तास वगळा. ऋतू बदलला की पुन्हा तेच.

कणमोजणी: आणि कच्चा आकडा कधीच पुसू नका. पीएमएस५००३ एकाच मोजणीचे 'सीएफ=१' आणि 'वातावरणीय' असे दोन रकाने देतो. सुमारे ३० मायक्रोग्रॅमपर्यंत दोन्ही सारखे, पुढे दुसरा कमी दाखवतो. दोन्ही साठवा, सूत्र एकालाच लावा.

गल्लीबोळ: म्हणजे १० ठिकाणं जास्तच होतात. ६ करतो, प्रत्येकी दोन सेन्सर, आणि सातवा डबा वर्षभर बीटा यंत्राशेजारीच राहील.

सोल्डरवाला: आठवा डबाही तयार करून ठेवा, राखीव. पंखे आधी मरतात.