सोन्याचं वासरू गेलं कुठे?

जोसेफस या पहिल्या शतकातल्या ज्यू इतिहासकाराने आपल्या ज्यूंच्या प्राचीन इतिहासाच्या ग्रंथात जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, नुसता ग्रीकमध्ये उतरवला असं म्हणतात, ते नाही पटलं. सुरुवातीलाच शब्द देतो की काही घालणार नाही, काही गाळणार नाही, आणि मग ज्यूंच्या पूर्वजांनी सोन्याचं वासरू करून पुजलं तो आख्खा प्रसंगच गायब! साहजिक आहे म्हणा, इ.स. ९३-९४ च्या सुमारास रोममध्ये बसून लिहितोय, ज्यू लोक गाढवाचं डोकं पुजतात असल्या कंड्या तिथे आधीच पिकलेल्या, त्यात हे कशाला सांगेल. उलट ज्यूंचा नेता मोशे, त्याला मात्र थेट इजिप्तचा सेनापती करून इथिओपियावर पाठवतो, वाटेत साप फार, म्हणून मोशे टोपल्या भरभरून साप खाणारे आयबिस, म्हणजे आपल्या शराटीच्या जातीचे पक्षी, सोबत घेतो आणि तिथली राजकन्या थार्बिस तटाखाली लढणाऱ्या मोशेच्या प्रेमात पडून शहरच हवाली करते. फुल्ल पिक्चर! जुन्या करारात फक्त मोशेच्या कूशी, म्हणजे इथिओपियाकडच्या, बायकोचा उल्लेख आहे, तोही एका ओळीत.