मदत हवी आहे: डुकरांचा रोग रानातून आला की खरकट्यातून, हे तपासणीत कळतं का?

शिराळा तालुक्यात माझं छोटं वराहपालन आहे. शेजारच्या वस्तीवरची डुकरं पटापट मरतायत. कडक ताप, खाणं बंद, कान आणि पोटाखालची कातडी जांभळी. नमुने गेलेत, रिपोर्ट यायचाय. माझ्या डुकरांना स्वाईन फीवरची लस दिलीय, पण आफ्रिकन स्वाईन फीवर असेल तर तिचा उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले.

गावाने मात्र निकाल देऊन टाकलाय: रानडुकरांनी आणला. चांदोलीच्या जंगलाच्या अंगाने ती उसात उतरतात हे खरंच. माझ्या जाळीखाली उकरलेलं आहे, चिखलात खुरांचे ठसेही आहेत. पण त्या वस्तीवर हॉटेलचं खरकटं न उकळता घालतात, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. (रानडुकराला वकील कोण देणार!)

वाचनात आलं की २००७ साली जॉर्जियात शिरलेला विषाणूचा 'दुसरा जनुकप्रकार' युरोपभर रानडुकरांत पसरला, २०१८ला चीनमध्ये आणि २०२०ला आसाम-अरुणाचलात पोचला. एवढा माग निघतो, तर आमच्या गावातला का निघू नये? नमुना कसला आणि कुणी घ्यायचा?

प्रतिसाद:
आधी ताप कुठला, साधा स्वाईन फीवर की आफ्रिकन, ते ठरू द्या. दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात, फरक प्रयोगशाळेतल्या पीसीआरसारख्या तपासणीतच कळतो. आफ्रिकन निघाला तर नेहमीच्या तपासणीत विषाणूच्या पी७२ नावाच्या एका जनुकाचा तुकडा वाचून फक्त प्रकार कळेल. शिराळा आणि आसाम त्यात वेगळे पडणार नाहीत. हा डीएनए विषाणू फार सावकाश बदलतो. गावपातळीवरचा माग काढायचा तर पावणेदोन लाखांहून जास्त अक्षरांचा अख्खा जिनोम, म्हणजे विषाणूचा पूर्ण डीएनए, वाचून मोजके फरक शोधावे लागतात. जर्मनीत रानडुकरांमधल्या शाखा अशाच वेगळ्या केल्या. तरी त्यातून नातं कळतं, कुणी कुणाला दिला ते नाही. आणि रानडुकराचा नमुनाच नसेल तर जुळवणार कशाशी?

मेलेल्या डुकराची प्लीहा किंवा आजारी डुकराचं ईडीटीएतलं (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या नळीतलं) रक्त सरकारी पशुवैद्यकांनीच घ्यायचं. खात्रीची तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते. रानडुक्कर मेलेलं दिसलं तर हात लावू नका, वनरक्षकाला कळवा. सडलेलं असलं तरी हाडातल्या मगजात विषाणूचा डीएनए सापडतो.

वस्तीवरची मेलेली डुकरं टाकली कुठे? उघड्यावर असतील तर रोग उलट गावातून रानात चाललाय.

धागाकर्ता:
ओढ्याच्या कडेला टाकलीत. सरपंचांना आत्ताच फोन लावतो. डॉक्टरांना विचारून खोल पुरून घेतो, चुना माझ्याकडे आहे.