मदत हवी आहे: पॅराग्लायडिंगच्या एक्ससी (लांब पल्ल्याच्या) स्पर्धेसाठी पुढची विंग, थ्री-लायनर सी, टू-लायनर सी का थेट जुनी झीनो?

राम राम मंडळी, मी अंबाजोगाईचा. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलो, सध्या हाय-बी विंगवर (ईएन सुरक्षा चाचणीत ए सगळ्यात सोपी, डी सगळ्यात अवघड, त्यातल्या बी गटातली वरची) एक्ससी करायलो आणि पुढच्या सीझनला हिमाचलातल्या बीर-बिलिंगला स्पर्धेत उतरायचं पक्कं केलंय. त्यासाठी विंग बदलायचीय, पण इकडं विचारावं असं कोणीच नाही म्हणून इथं टाकायलो.

मी, पॉड हार्नेस (पाय झाकणारी बैठक), रिझर्व्ह (राखीव पॅराशूट), व्हॅरिओ (चढ-उतार सांगणारं यंत्र), पाणी सगळं धरून ९६ किलो भरतं.

आमच्याकडचं उडणं जरा सांगतो म्हणजे अंदाज येईल. बालाघाटची कड सोडली की पुढं सगळं सपाट, मार्चात तूर-हरभरा निघून रानं मोकळी पडलेली असतात आणि दुपारच्याला त्या तापलेल्या रानातून थर्मल (वर चढणारी गरम हवा) असा सुटतो की व्हॅरिओ थांबायचं नावच घेत नाही, खाली बघावं तर वावटळीत पाचोळा गरगर फिरायला. घारी असल्या तर लई बरं, कोअर (थर्मलचा सगळ्यात जोराचा भाग) कुठंय ते कळतं. पण थर्मलच्या कडेला आलं की विंगचं टोक फाटकन दुमडतं, बी विंग आपली आपण उघडते, त्याच्या वरच्या गटातली उघडंल का? आणि इथं एकटाच उडतो, कुठं आडरानात पडलो तर माणूस पोचायलाच तास जाईल.

फोटॉन नाहीतर आर्टिक आर घ्यावी असं मन म्हणतंय, दोन्ही ईएन-सी टू-लायनर, म्हणजे लाईनच्या (दोऱ्यांच्या) दोनच रांगा. पण ओळखीतला एक पायलट जुनी झीनो निम्म्याहून कमी पैशात द्यायलाय, आणि खरं सांगतो, पैसा बघता मन तिकडं ओढतंय. घेऊ का?

प्रतिसाद:
भाऊ, झीनो नको. ती ईएन-डी आहे, बीवरून थेट तिच्यावर जाऊ नका, त्यात तुम्ही एकटे उडता. जुन्या टू-लायनरमध्ये लाईनचाही घोळ असतो, पुढच्या ए लाईनवर जास्त लोड म्हणून त्या ताणतात, मागच्या आखडतात, मग अँगल ऑफ अटॅक (विंग हवेला सामोरी जाते तो कोन) वाढतो, विंग मंदावते आणि स्टॉल (विंगची उचल तुटणं) जवळ येतो. नवीन लाईनसेट घातला की स्वस्ताईचं गणित तिथंच संपलं. कोणतीही जुनी विंग घ्या, लाईन मोजल्याचा आणि कापडाच्या पोरोसिटीचा (त्यातून हवा किती झिरपते त्याचा) रिपोर्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

बऱ्याच स्पर्धांत स्पोर्ट क्लास ईएन-सीपर्यंत असतो, म्हणजे सी घेऊनही तुमची लढत बरोबरीच्यांशीच. टू-लायनरचा खरा फायदा बारवर दिसतो, स्पीडबार (वेग वाढवायचा पायातला दांडा) दाबून ग्लाईड मारताना ब्रेकला हात न लावता बी हँडलवर (मागच्या लाईनच्या मुठीवर) विंग धरता येते. ते अंगवळणी पडायला वेळ लागतो, म्हणून आधी एसआयव्ही (विंग मुद्दाम दुमडून सावरायचा कोर्स) करा, तुर्कीतल्या ओलुडेनिझला पाण्यावर करतात तसं. साईज घेताना ९६ किलो विंगच्या वजनाच्या रेंजच्या वरच्या भागात बसलं पाहिजे.

धागाकर्ता:
मनापासून आभार दादा, झीनोवाल्याला आजच नाही म्हणून कळवतो. फोटॉन किंवा आर्टिक आर विकत घ्यायच्या आधी उडवून बघायला महाराष्ट्रात कोणाकडं मिळंल का? कामशेतला यायची तयारी आहे.